सहा लाख बारा हजार नऊशे त्रेचाळीस

भोसरी
सोमवार, २ सप्टेंबर २०२४

चि. स्वप्नाली,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. लिहिला आणि खोडला. तू घेशील की नाही ठाऊक नाही. तुझ्या आईच्या फोनवरून जातो तेवढाच असू दे.

कामाचं लिहितो. ६,१२,९४३ फुटतो.

आकडा ओळखलास ना? बारा वर्षं झाली, पण तू आकडा विसरणाऱ्यांतली नाहीस. एकाहत्तरने भागून मी तो ८६३३ वर आणला होता आणि सगळ्या शेडसमोर सांगितलं होतं, हा दगड आहे, पुढे फुटत नाही. परवा कळलं की ८६३३ म्हणजे एकोणनव्वद गुणिले सत्त्याण्णव. तीन वेळा हाताने गुणला. मग तुझ्या आईच्या मोबाइलवर गुणला. उत्तर काही बदललं नाही.

कळलं कसं ते सांगतो. माझ्या आकड्यांच्या वहीचं पुस्तक निघतंय. भोसरीतल्या निम्म्या सेटरांकडे तिच्या झेरॉक्स आहेत, त्या इतक्या काळ्या झाल्यात की तीन आणि आठ ओळखू येत नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून छापायचं ठरवलं. दसऱ्याला यशवंतरावांच्या शेडमध्ये मशीनची पूजा झाली की पुस्तक वाटायचं, मला शाल घालायची. छपाईचं काम करते ती मोनिका हुशार पोरगी आहे. तिने फोन केला, "काका, न फुटणाऱ्या आकड्यांच्या तुमच्या यादीत त्र्याऐंशीनंतर एकदम सत्त्याण्णव आहे. एकोणनव्वद टायपायचा राहिला का?" मी म्हटलं, "वहीत बघ." ती म्हणाली, "वहीतच नाही."

पुस्तकाला चार ओळींची प्रस्तावना लिहिली आहे, ती खाली उतरवतो. नव्या पोरांसाठी आहे, तुला शिकवत नाही.

"आपल्याकडच्या जुन्या मशीनवर तिरक्या दातांचा गिअर कापायचा तर मशीनच्या बाजूला सहा गिअर जुळवून लावावे लागतात. हिशोबातून एक अपूर्णांक येतो, समजा ०.६१२९४३. खाली ऐंशी, शंभर आणि सव्वाशे दातांचे गिअर लावले की त्यांचा गुणाकार दहा लाख होतो. वर असे तीन हवेत की ज्यांचा गुणाकार ६,१२,९४३ येईल. म्हणून आकडा फोडायचा. निघालेला प्रत्येक तुकडा म्हणजे एक गिअर. तुकडा सव्वाशेच्या वर गेला तर तेवढ्या दातांचा गिअर कुणाकडे नसतो. मग शेजारचा, फुटणारा आकडा घ्यायचा. त्यात थोडी चूक येते. किती चूक चालेल हे ज्याला कळतं तो सेटर."

शेवटची ओळ आता मलाच वाचवत नाही.

तू तेव्हा म्हणाली होतीस, "पुन्हा एकदा बघा ना." बघायला हवं होतं. तुझं बरोबर होतं एवढं कळवायला लिहिलं. उत्तराची घाई नाही.

तुझे बाबा


भोसरी
शनिवार, १४ सप्टेंबर २०२४

चि. स्वप्नाली,

गौरी गेल्या त्या दिवशी तुझ्या आईने फोन घेतला आणि गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं. आत आली ती म्हणाली, "तळेगावला पाऊस आहे." एवढंच. आमच्या घरात तुझी बातमी हवामानखात्यातून येते. पत्र पोचलं असावं असं मी समजलो.

मागच्या पत्रात एकोणनव्वद कुठे गेला ते लिहिलं नाही. लिहितो.

अठ्ठ्याण्णव साली माझ्या हातून पान्हा सुटला आणि एकोणनव्वदच्या गिअरचा दात उडाला. यशवंतराव म्हणाले, "नवा आणू की, काय घाई हाय?" ती घाई अजून झालेली नाही. पेटीत त्र्याऐंशीच्या पुढे एक खाच रिकामी राहिली. जो गिअर नाही त्याने भागून करायचं काय, म्हणून मी एकोणनव्वदने भागायचं सोडलं. पुढे वही नव्याने उतरवली तेव्हा यादीतूनही तो गेला. कुणी विचारलं नाही. मलाही आठवलं नाही.

८६३३ ला मी त्र्याऐंशीने भागलं होतं. बाकी एक उरली. अगदी हातातोंडाशी येऊन एक उरली. माझ्या यादीत पुढचा सत्त्याण्णव. सत्त्याण्णवला सत्त्याण्णवनेच गुणलं तर नऊ हजारांच्या वर जातं, आणि तिथवर गेलं की पुढे भागायची गरज नाही हा नियम. नियमाने थांबलो. सहज म्हणून सत्त्याण्णवने भागून बघितलं असतं तरी एकोणनव्वद समोर येऊन उभा राहिला असता.

मग शेजार बघितला. ६,१२,९४२ मध्ये दोनशे एकावन्न निघाला, ६,१२,९४५ मध्ये दोनशे सत्तावन्न. असले गिअर कुणाच्या बापाकडे नसतात. ६,१२,९५० मात्र छान फुटला, एकशे पंधरा, पासष्ट, ब्याऐंशी. दहा लाखांत फक्त सातचा फरक. माझा खांदा धरला होता म्हणून मी तिन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून तुला दिले आणि म्हटलं, चढव.

तू चिठ्ठी घेऊन तुझ्या तपासणीच्या टेबलाकडे गेलीस. दहा मिनिटांनी आलीस, चिठ्ठी माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालीस, "बाबा, पुन्हा एकदा बघा ना. जॉब लांब आहे." मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. "आता डिप्लोमावाल्यांनी बापाला पाढे शिकवायचे काय?" सगळे हसले. चिठ्ठी खिशात टाकली. तू गिअर चढवलेस, रजिस्टरमध्ये तुझ्या अक्षरात आकडे लिहिलेस.

तो शाफ्टचा जॉब लांब होता हे तुझं खरंच होतं. दहा लाखांत सात म्हणजे एका फेऱ्याला काहीच नाही. पण मशीन फेऱ्यामागून फेरा घेतं आणि दर फेऱ्याला तेवढंच सरकतं. दीडशे फेऱ्यांनंतर दात एका बाजूला कलतो. दिवसभरात चाळीस शाफ्ट भंगारात गेले. पाळी संपायच्या आतच माल न्यायला आलेली पार्टी तावातावाने उभी राहिली.

एकोणनव्वदचा गिअर शेजारच्या गाळ्यात कोंडाजीकडे होता, हे मला तेव्हा माहीत होतं. पण मी त्याच्याशी नऊ वर्षं बोलत नव्हतो. तो चहाच्या टपरीवर बोलला होता की जयसिंगची वही माझ्या वहीवरून उतरवलेली आहे. खोटं नव्हतं ते. पहिली चाळीस पानं त्याचीच आहेत. राग त्याचाच आला.

बाकी जे झालं ते झालं. माझी चूक झाली.

तुझे बाबा


भोसरी
गुरुवार, २६ सप्टेंबर २०२४

स्वप्नाली,

"जे झालं ते झालं" हे मी कसं लिहिलं कोण जाणे. तुला ते वाचून काय वाटलं असेल ते तुझ्या निरोपावरून कळलं.

मंगळवारी तुझी आई कणकेच्या हातानेच फोन कानाला लावून उभी होती. फोन ठेवला आणि मला म्हणाली, "ती विचारतेय, चिठ्ठी उलटून बघितली होती का? कसली चिठ्ठी हो?"

मी म्हटलं, "काही नाही, जुनी आहे."

"जुनी तर जुनी. बघितली होती का?"

मी चप्पल घालून खाली गेलो. चौकात उभा राहिलो आणि परत आलो. ती पोळ्या लाटत होती. मी कपाट उघडलं.

चिठ्ठी माझ्याकडे आहे. बारा वर्षं वहीच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात आतल्या बाजूला आहे. फेकायला हात होत नव्हता आणि दाखवायला तोंड नव्हतं. वही काढताना, ठेवताना ती बोटाला लागायची. पण मी तिच्याकडे कधी बघितलं नाही. माझंच अक्षर, माझाच मूर्खपणा, त्यात काय बघायचं? मंगळवारी पहिल्यांदा काढली आणि उलटली.

पेन्सिलीने लिहिलं आहेस. पुसट झालंय पण वाचता येतं. "८६३३ = ८९ × ९७. बाबा, कोंडाजीकाकांकडून ८९ आणू का? मी जाते, तुम्हाला जायला नको."

चार माणसांत माझी चूक काढायची नाही म्हणून तू ती मागे लिहून आणलीस. कोंडाजीकडे जायला मला कमीपणा वाटेल म्हणून स्वतः जायला तयार झालीस. एकवीस वर्षांची होतीस.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. बघितली नव्हती. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. वाचून दाबली असती तर मी लबाड ठरलो असतो. न वाचता खिशात टाकली म्हणजे पोरीने दिलेला कागद उलटून बघायचीही मला गरज वाटली नाही. यातलं कुठलं जास्त वाईट ते तू ठरव. पण खरं हे आहे.

आणि पुढचंही लिहितो, तुला ठाऊक असलं तरी. माझ्या हाताने लिहिलेलं असायला हवं.

यशवंतराव आणि पार्टीचा माणूस मशीनजवळ आले. रजिस्टर उघडलं. यशवंतराव म्हणाले, "हे आकडं कुणी काढलं?" मी म्हणालो, "पोरीने काढले. शिकलेली आहे म्हणून मी विश्वास ठेवला." तू माझ्याकडे बघितलंस. रागावली नव्हतीस तू, मी विसरलोय असंच तुला वाटलं. तू म्हणालीस, "बाबा, ती चिठ्ठी दाखवा ना."

मी म्हणालो, "कसली चिठ्ठी?"

ती खिशात होती. माझा हात वरून खिशावर होता. कागद हाताला लागत होता.

मला कुणी कामावरून काढलं नसतं गं. यशवंतराव दोन दिवस बोलले नसते, कोंडाजी आठवडाभर हसला असता. जयसिंगचा आकडा चुकत नाही असं भोसरीत म्हणायचे, ते म्हणणं थांबलं असतं. एवढ्यासाठी मी पोटच्या पोरीचं नाव पुढे केलं. तुला कामावरून काढलं, तुझ्या दाखल्यावर "कामात निष्काळजी" असं लिहून आलं. भोसरीत, चाकणला, तळेगावला कुठेच तपासणीच्या खोलीत तुला उभं करून घेतलं नाही. तू मावशीकडे गेलीस. तुझ्या लग्नाला तुझी आई एकटी आली. आता तू शिकवण्या घेतेस, पाचवी ते दहावी. माझ्याहून चांगले आकडे फोडणारा हात फळ्यावर लसावि-मसावि काढतो. ते काम वाईट नाही. पण ते तू निवडलेलं नाहीस, मी निवडलं.

तुझ्या आईला आज सकाळी सगळं सांगितलं. तिने हात धुतले, पदराला पुसले. मग म्हणाली, "दर दिवाळीला मी तिला फोनवर सांगायची, बापाची माफी माग, मोठी हो. तुम्ही तिथंच फराळ करत बसलेले असायचा."

मी बसलेला असायचो. चकली खात.

ती दुपारच्या गाडीने तुझ्याकडे निघाली आहे. जाताना डबा भरून ठेवला नाही, आणि ते बरोबरच केलं. म्हणजे हे पत्र मिळेपर्यंत तुला सगळं कळलेलं असेल. तरी लिहिलं. तिच्या तोंडून कळणं आणि माझ्या हातून कळणं एक नाही.

चिठ्ठी आत्ता पाठवत नाही. दसऱ्याला मला ती लागणार आहे.

बाबा


भोसरी
रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

स्वप्नाली,

तुझ्या आईने तुझ्याकडे मुक्काम वाढवला हे गणराजरावांच्या मेसेजवरून कळलं. जावई असून मला मेसेज करतात, माणूस चांगला आहे. मी खिचडी करून खातो. तिसऱ्या दिवसापासून जमायला लागली.

काल दसरा झाला. आधी परवाचं सांगतो. परवा मी कोंडाजीकडे गेलो. त्याच्या गाळ्यात आता दोन कॉम्प्युटरवाली मशीन आहेत आणि तो दारात खुर्ची टाकून बसतो. डोळ्याला कमी दिसतं त्याला.

"कोण, जयसिंग व्हय? वाट चुकलास का काय?"

"एकोणनव्वदचा गिअर पाहिजे."

"कशापायी? आता कोण लावतंय त्ये?"

"८६३३ फोडायचाय."

त्याने वर बघितलं, ओठ हलवले. दहा सेकंद गेले नसतील. "सत्त्याण्णवनं जातो की," म्हणाला. मग थांबला. "ह्यो तुझ्या पोरीच्या वक्ताचा आकडा न्हाई का?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, चाळीस पानांपासून. तो खुर्चीला धरून उठला. मग आत जाऊन पेटी चाचपून गिअर घेऊन आला, तेलाच्या फडक्यात बांधलेला. म्हणाला, "पोरगी आली आस्ती तर इचारलं पन नस्तं म्या, लगेच दिला आस्ता." आणि एवढं बोलून तोंड फिरवून बसला. मला वाटलं होतं हसेल. हसला असता तर सोपं गेलं असतं.

काल शेडमध्ये सगळी मशीन धुतली होती, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. पन्नासेक सेटर आले होते. यशवंतरावांनी भाषण केलं, शाल पुढे केली. मी म्हटलं, "थांबा, आधी मला बोलायचं आहे." चिठ्ठी काढली. पुढची बाजू वाचली, माझे तीन आकडे. मग उलटली आणि तुझी ओळ वाचली. वाचताना "तुम्हाला जायला नको" इथे मला थांबावं लागलं. मग मार्च दोन हजार बारामध्ये मी काय बोललो आणि चिठ्ठी कुठे होती ते सांगितलं.

यशवंतराव माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जयसिंगराव, आजच्या दिसाला कशाला हे? जुनं झालं आता."

मी म्हटलं, "तिच्या दाखल्यावर अजून नवंच आहे."

ते शाल हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग ती खुर्चीच्या पाठीवर टाकून ऑफिसमध्ये गेले. अर्ध्या तासाने बाहेर आले ते कागद घेऊनच, त्यांच्या सहीचा आणि शिक्क्याचा. त्यात लिहिलंय की तू पहिल्या वेळीच आकडा बरोबर फोडला होतास आणि शेडने तुझ्यावर ठेवलेला ठपका चुकीचा होता. बारा वर्षं उशीर झालेला कागद आहे. तुझ्या काय उपयोगाचा ते मला माहीत नाही. सोबत ठेवतो.

सगळे काही हळहळले असं समजू नकोस. एक जण म्हणाला, म्हातारा चळला. दोघांनी आपल्या झेरॉक्स पिशवीत घातल्या आणि जेवायला गेले. उरलेल्यांच्या मी मागून घेतल्या आणि टेबलाशी बसून प्रत्येकीत त्र्याऐंशीच्या पुढे पेनाने एकोणनव्वद लिहिला. तेवीस झेरॉक्स. छापलेल्या पुस्तकात मोनिकाने सत्त्याऐंशी नंबरच्या पानावर ओळ घातली आहे, मी सांगितली तशी: "६,१२,९४३ = ७१ × ८९ × ९७. स्वप्नालीने फोडला, मार्च २०१२." शाल मी घेतली नाही. ती कोंडाजीला घातली, वहीची सुरुवात त्याची म्हणून.

चिठ्ठी आता तुझी तुला पाठवतो. तुझ्या ओळीखाली मी उत्तर लिहिलंय, बघशील. तू विचारलं होतंस, "८९ आणू का?" मी लिहिलंय, "हो. पण मी आणतो." या वेळी कागद उलटायचं तुझ्याकडे आहे.

गुरुवारी शेडला सुट्टी असते. यशवंतरावांनी किल्ली दिली आहे. ते जुनं मशीन अजून चालतं, फक्त तेल जास्त पितं. मी दहा वाजता तिथे असेन. तू ये असं म्हणायचा मला अधिकार नाही. मी तिथे असेन, एवढंच कळवतो.

बाबा


भोसरी
शुक्रवार, १८ ऑक्टोबर २०२४

चि. स्वप्नाली,

काल तू आलीस. समोर मला काही बोलता आलं नाही, म्हणून पुन्हा पत्र. सवय लागली आता.

साडेदहा झाले तेव्हा मी धरून चाललो होतो की तू येत नाहीस. शटरखाली तुझी सावली आली. बारा वर्षांत तुझे केस कानाजवळ पांढरे झालेत. मला कुणी सांगितलं नव्हतं. हवामानात ते येत नाही.

तू पिशवी टेबलावर ठेवलीस, फडकं सोडलंस आणि कोंडाजीच्या गिअरचे दात बोटाने एकेक करून मोजलेस. मी सांगितलंय म्हणून एकोणनव्वद धरले नाहीस. मला वाईट वाटलं नाही. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझं काम तपासत होतं आणि ते तू होतीस.

मग एकाहत्तर, एकोणनव्वद, सत्त्याण्णव चढवलेस. खाली ऐंशी, शंभर, सव्वाशे. माझा खांदा तेव्हासारखाच दुखत होता, पण पान्हे मी दिले. भंगारातला एक लांब शाफ्ट लावला. मशीनने दीडशेच्या वर फेरे घेतले. तेवढा वेळ आपण दोघं शेजारी उभे होतो आणि दोघंही जॉबकडेच बघत होतो. झाल्यावर तू तो तुझ्या जुन्या टेबलावर नेलास, मापाचं घड्याळ लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवलंस. काटा हलला नाही. मला आनंद झाला आणि लगेच रडू आलं, कारण हे तेव्हाही इतकंच सोपं होतं.

मग तू पहिल्यांदा बोललीस. "दोन हजार बाराचं रजिस्टर आहे का?"

मी माळ्यावरून काढून आणलं. धूळ झटकायलाही तू थांबली नाहीस. मार्चचं पान काढलंस. तुझ्या अक्षरात एकशे पंधरा, पासष्ट, ब्याऐंशी. शेवटचा रकाना, "आकडा कोणी काढला", तिथे मी रोज पाळी संपताना सही करायचो. त्या दिवशीची जागा कोरी होती. त्या गडबडीत यशवंतरावांनीही बघितलं नाही, आणि मी परत त्या पानाकडे गेलो नाही. तू पेन उघडून रजिस्टरवर ठेवलंस.

मी लिहिलं, "आकडा जयसिंगने काढला. चुकीचा काढला. पोरीने बरोबर काढून दिला होता." जागा पुरली नाही, शेवटचे शब्द समासात गेले. खाली सही केली, तारीख कालची घातली.

तू वाचलंस. मग पान उलटून मागची बाजू बघितलीस. मागे काही नव्हतं. रजिस्टर मिटलंस.

पिशवीतून डबा काढलास तेव्हा वास ओळखला मी, तुझ्या आईची मेथी. भाकरी चार होत्या. तू एकटी चार भाकरी कधी खात नाहीस, आणि तुझ्या आईला ते ठाऊक आहे. मी आपला उभाच होतो, तेलाचे हात घेऊन, बसायचं की निघायचं ते कळेना. तू झाकणात भाजी वाढत होतीस. माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "हात धुऊन या, बाबा. गार होतंय."

नळाशी मी इतका वेळ का लावला ते तू विचारलं नाहीस, म्हणून सांगत नाही.

पहिल्या पत्रात एक शब्द खोडला होता. तो आज लिहितो.

अनेक आशीर्वाद.

तुझे बाबा